अवकाशासाठी पैसा फंड

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि १९ सप्टेंबरला गणपती बसले. मधल्या सत्तावीस दिवसांत पिंपरी-चिंचवडमध्ये किती चंद्र उभे राहिले याची मोजदाद कोणी ठेवली नसेल. आमच्या घरापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात मीच तीन पाहिले. त्यांतला एक फार देखणा होता. काळ्या पडद्यावर तारे, खाली खड्ड्याखळग्यांची राखाडी जमीन, आणि दर दहा मिनिटांनी साखळी-कप्पीवरून धूर सोडत खाली येणारे सोनेरी यान. मुले टाळ्या पिटत होती. मीही थोडा वेळ रेंगाळले. बाजूच्या टेबलावर वर्गणीचे पावतीपुस्तक होते. पावती फाडून घेतली आणि घरी आले.

त्याच आठवड्यात चार विद्यार्थी मला भेटायला आले. मी मराठी शिकवते. ही मुले शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली. पीएसएलव्ही या आपल्या प्रक्षेपकाचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर निकामी होऊन फिरत राहतो. त्यालाच तरता फलाट मानून त्यावर छोटी उपकरणे बसवू देण्याची सोय इस्रोने केलेली आहे. तिथे कधी काळी आपले उपकरण जावे म्हणून ही मुले दोन वर्षे खपत होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद घेणारी एक पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. ती पुरी करायला लागणारा पैसा वर सांगितलेल्या देखाव्यावर झालेल्या खर्चापेक्षा नक्कीच कमी असावा. तो त्यांच्याकडे नव्हता. लहान कारखानदारांकडे जायचे तर निवेदन मराठीत हवे, असे कोणी तरी सांगितल्यामुळे ती माझ्याकडे आली होती.

मूळ इंग्रजी प्रस्ताव मी रात्री वाचला आणि खिन्न झाले. उपकरणाविषयी दोन पाने होती. लोगोविषयी आठ. सुवर्ण पुरस्कर्त्याचा लोगो सदऱ्याच्या छातीवर, रौप्य पुरस्कर्त्याचा बाहीवर, कांस्यवाल्याचा पाठीवर, इतरांसह बारीक. सर्वांत मोठी देणगी देणाऱ्याचे नाव थेट पेटीवर कोरण्याचे आश्वासन. ज्या पेटीचे वजन ग्रॅमग्रॅमने कमी करण्यासाठी ही मुले रात्री जागवत होती, तिच्यावर कोणाचे तरी नाव कोरण्यासाठी त्यांनी जागा राखून ठेवली होती! चुंबकीय क्षेत्र का मोजायचे, त्यातून काय कळेल, याआधी कोणी मोजले आहे आणि आपण वेगळे काय करतो आहोत, याला प्रस्तावात एकच परिच्छेद मिळाला होता. मी विचारले, असे का? त्यांच्यातली मुलगी म्हणाली, “मॅडम, ते कोणी वाचत नाही.”

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते या उत्तरातून निघते. विद्यार्थ्यांच्या अवकाश-प्रकल्पांसाठी आज ज्या रीतीने पैसा जमवला जातो, ती रीत त्यांना जाहिरातीचे एजंट बनवते, आणि एवढे करूनही प्रकल्पाला लागणारा पैसा लागेल त्या वेळी हाती येत नाही. रीत बदलली पाहिजे, आणि ती बदलण्याची ऐपत व परंपरा दोन्ही या उद्योगपट्ट्याकडे आहेत.

प्रथम कंपन्यांकडे पाहू. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ने एका मर्यादेपलीकडच्या कंपन्यांवर सामाजिक दायित्वाचा खर्च बंधनकारक केला. १ एप्रिल २०१४पासून तो लागू झाला. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची, आणि तीही करताना कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यायचे. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण, तळेगाव या पट्ट्याला याहून अनुकूल कायदा कोणता असणार? प्रत्यक्षात मुलांबरोबर मी चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात गेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी आमचे चहा देऊन स्वागत केले, सगळे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला : “यात लाभार्थी किती?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. दप्तरे वाटली की लाभार्थी मोजता येतात. पाण्याची यंत्रे बसवली की गावाची लोकसंख्या लिहिता येते. पेटीचे लाभार्थी किती? चौदा विद्यार्थी, असे एकाने प्रामाणिकपणे सांगितले आणि आमची भेट तिथेच आटोपली.

या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. ते सज्जन होते आणि त्यांच्यापुढेही रकाने होते. पण त्या रकान्यांकडे जरा पाहिले पाहिजे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांना आणि आयआयटींना विज्ञान-तंत्रज्ञानातील संशोधनासाठी दिलेली देणगी बसते. आमच्या पट्ट्यातली बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये खासगी, विनाअनुदानित आहेत; त्यांचा त्या कलमात उल्लेख नाही. ‘शिक्षणाला प्रोत्साहन’ या व्यापक शीर्षाखाली त्यांना बसवता येते, पण बसवणाऱ्याची तशी इच्छा हवी. दुसरे असे की, २०२१च्या सुधारित नियमांनुसार आपल्या मालाची वा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सामाजिक दायित्वात धरतच नाहीत. म्हणजे मुलांनी आठ पाने खर्ची घालून जो लोगोचा बाजार मांडला होता, त्यानेच कंपनीच्या या खात्याचे दार त्यांच्यासाठी बंद होत होते! हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. उलट प्रत्येक आधीच्या चमूने पुढच्या चमूला तोच नमुना वारसा म्हणून दिला होता.

तिसरी अडचण काळाची आहे आणि ती सर्वांत खोल आहे. नियमांच्या भाषेत ‘चालू प्रकल्प’ म्हणजे सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून फार तर तीन वर्षे. आता पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, आपल्या सर्वांच्या सीओईपीचा, ‘स्वयं’ उपग्रह घ्या. त्याचे काम २००८ साली सुरू झाले. तो श्रीहरिकोट्याहून उडाला २२ जून २०१६ रोजी. पीएसएलव्ही-सी३४ने त्या दिवशी वीस उपग्रह नेले. त्यांत सव्वासातशे किलोंचा कार्टोसॅट होता आणि किलोभरही न भरणारा, दहा सेंटिमीटर बाजूचा आमचा ठोकळा होता. एका ठिकाणचा निरोप हॅम रेडिओच्या लहरींवर घेऊन तो दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा, आणि विजेचा खर्च न करता केवळ चुंबकाच्या आधाराने स्वतःची दिशा धरून ठेवायची, हे त्याचे काम. त्याला आठ वर्षे लागली! अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. ज्यांनी पहिली रेघ मारली ते केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. ज्यांनी तो हाताळून इस्रोकडे सोपवला त्यांनी पहिल्या रेघेचे नुसते किस्से ऐकले असतील. मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ही तसाच : २००७मध्ये आरंभ, २६ सप्टेंबर २०१६ला उड्डाण.

हे दिरंगाईचे उदाहरण म्हणून सांगितले जाते तेव्हा मला राग येतो. आठ वर्षे म्हणजे विद्यार्थ्यांच्या किमान दोन पिढ्यांनी एकमेकींच्या हातात काम देणे. आपल्याकडे एका प्राध्यापकाने लावलेले झाड दुसरा प्राध्यापक तोडतो, तिथे मुलांनी वह्या, चुका, अर्धवट सर्किटे जपून पुढच्यांना दिली. अशा कामाला दर मार्चअखेर हिशेब मिटवणारा पैसा कसा पुरणार? त्याला मुरणारा पैसा लागतो. पुरस्कर्ता बदलला की प्रकल्प बदलतो, असे झाले तर तिसऱ्या वर्षी पेटी कपाटात जाते आणि नवा चमू ‘नवे काही तरी’ घेऊन नव्या लोगोच्या शोधात निघतो. अशी कपाटे मी पाहिली आहेत.

आता संस्थांविषयी. इथे मला माझ्याच बिरादरीविरुद्ध लिहावे लागते आहे, पण इलाज नाही. जूनमध्ये महामार्गाने जा. प्रवेशाच्या फलकांवर रोव्हर आहेत, रॉकेटे आहेत, काळे सदरे घातलेली हसरी मुले आहेत. त्या रोव्हरचे चाक कोणाच्या पैशाने आले हे त्या मुलांना विचारा. घरून आणलेल्या पैशाने, एकमेकांत काढलेल्या वर्गणीने, कोणाच्या मामाच्या दुकानातून उधारीवर. खोली मिळते ती जिन्याखालची, संध्याकाळी सहाला कुलूप लागणारी. शुल्क भरून शिकणाऱ्या मुलाने प्रयोगासाठी पुन्हा बाहेर झोळी घेऊन फिरायचे आणि त्याच्या प्रयोगाचे चित्र दाखवून संस्थेने पुढच्या वर्षीचे शुल्क गोळा करायचे, याला मराठीत लबाडी म्हणतात. फलक छापण्याचा जो खर्च होतो तेवढाच प्रयोगावर करावा, अशी अट घातली तरी निम्मा प्रश्न सुटेल. सर्व संस्था अशा आहेत असे नाही. पण ज्यांना हे लागू पडत नाही त्यांना राग येण्याचे कारण नाही.

“मागू द्या की त्यांना. मागायला शिकणे हेही शिक्षणच आहे. उद्या स्टार्टअप काढतील तेव्हा उपयोगी पडेल.” हा युक्तिवाद मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो शहाणपणासारखा वाटू लागला आहे. वस्तुतः तो आळसाचा युक्तिवाद आहे. मागण्याला माझा आक्षेप नाही. महाराष्ट्रातल्या अनेक चांगल्या संस्था मागूनच उभ्या राहिल्या. प्रश्न एवढाच की काय सांगून मागायचे. कर्मवीरांच्या मुष्टिफंडात मूठभर धान्य टाकणाऱ्या बाईला तिचे नाव वसतिगृहाच्या भिंतीवर लिहू, असे कोणी सांगितले नव्हते. तिला सांगितले होते की यातून पोरे जेवतील आणि शिकतील. आपण आपल्या मुलांना कामाविषयी बोलून मागायला शिकवत नाही. जागा विकून मागायला शिकवतो. पहिल्यातून आपल्या कामाची समज वाढते, कारण परक्याला समजावताना स्वतःला काय कळले नाही ते लख्ख दिसते. दुसऱ्यातून फक्त बोलण्याचा सराईतपणा वाढतो.

‘पोटाला नाही आणि चालले अवकाशात’ या जुन्या आक्षेपाला मी जास्त जागा देणार नाही. ज्या देशाचा कोळी वादळाचा इशारा उपग्रहामुळे वेळेत ऐकतो, तिथे तो आक्षेप अर्ध्या शतकापूर्वीच शिळा झाला आहे. माझ्या साहित्यिक मित्रांचा आक्षेप मात्र मला टोचतो. ते म्हणतात, तुझ्या विभागाच्या ग्रंथालयात नियतकालिकांची वर्गणी भरायला पैसे नाहीत, बोलींच्या सर्वेक्षणाला कोणी दमडी देत नाही, आणि तू रॉकेटवाल्यांची वकिली करतेस? खरे आहे. नियतकालिकांच्या मांडणीतले रिकामे कप्पे मी रोज पाहते. पण त्या मुलांची पेटी अडली म्हणून ते कप्पे भरणार आहेत का? आपल्यावरही तीच पाळी आली आहे : आपणही लाभार्थी मोजून दाखवू शकत नाही. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले, वर्गणीदार जमवत गावोगाव फिरले आणि तेवीस खंड पुरे केले. तो कोश कधी पुरा होईल आणि आपल्याला त्याचा काय लाभ, हे मोजत बसणारे वर्गणीदार असते तर मराठीत ज्ञानकोश झाला नसता. कवितेच्या अभ्यासकाचे आणि चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्याचे हित एकच आहे, दोघांनाही वाट पाहू शकणारा पैसा हवा.

असो. प्रस्तावाकडे परत येते. मी मुलांना सांगितले की लोगोची आठ पाने काढून टाका आणि पेटी काय करते ते मला कळेल असे मराठीत सांगा. मी लिहून घेते. तीन संध्याकाळी गेल्या. ‘मॅग्नेटोमीटर’ला प्रतिशब्द शोधण्याच्या भरीस मी पडले नाही. पण हे यंत्र नेमके कशाशी कशाची तुलना करते, हे सांगताना दोन मुलांचे आपसांतच भांडण झाले, आणि त्या भांडणातून त्यांच्या रचनेतली एक चूक निघाली. शेवटी चार पानांचे निवेदन तयार झाले. ते घेऊन आम्ही भोसरीच्या एका शेडमध्ये गेलो. तिथे दोन सीएनसी मशीन, एक जुना लेथ, देव्हाऱ्यात विठ्ठल. मालक मूळचे उस्मानाबादकडचे, स्वतः आयटीआय झालेले. निवेदन त्यांनी बाजूला ठेवले आणि ड्रॉइंग मागितले.

“मॅडम, हे होणार नाही,” ते म्हणाले. मला वाटले, संपले. ते मुलांकडे वळले. “आतला कोपरा काटकोनात शार्प दाखवलाय तुम्ही. कटर गोल असतो. शार्प कोपरा कसा येईल? रेडियस द्या. आणि भिंत इतकी पातळ ठेवलीत तर मशीनवर थरथरेल, वळ उठतील. थोडी जाड करा, नाही तर मागून आधार द्या.” मुले वहीत लिहू लागली. मग त्यांनी विचारले, “हे जाणार कुठं?”

“वर. पृथ्वीभोवती फिरणार.”

“आणि परत?”

“परत नाही येणार, काका. काही दिवसांनी खाली येताना जळून जाईल.”

“मग एवढं फिनिशिंग कशाला?”

मुलीने त्यांना उड्डाणाच्या वेळचा हादरा समजावून सांगितला. एखादा स्क्रू सैल राहिला तर शेजारच्याच्या उपकरणावर कसा आदळेल, म्हणून प्रत्येक माप का नेमके हवे तेही. ते ऐकत राहिले. म्हणाले, “गुरुवारी या. सुट्टी असते, मशीन रिकामं असतं. लाइट गेली नाही तर करून टाकू. ॲल्युमिनियमचा तुकडा पडलाय माझ्याकडे.” लोगोविषयी त्यांनी विचारले नाही, आमच्याकडे त्यासाठी पान उरलेलेही नव्हते.

हा प्रसंग भावुक होण्यासाठी सांगितला नाही. छोटा कारखानदार दिलदार आणि मोठी कंपनी कोरडी, असा सिनेमाही मला काढायचा नाही. दोन शेडमधून आम्हाला हात हलवत परतही यावे लागले. मुद्दा असा की या माणसाने जे दिले ते धनादेशाने मिळाले नसते. पुण्याबाहेरच्या एखाद्या शहरात विद्यार्थ्यांना पैसाच मागावा लागेल, कारण तिथे मागण्यासारखे दुसरे काही नाही. इथे आहे. वाहनाचा प्रत्येक सुटा भाग हादरवून, तापवून, गोठवून पाहणारी यंत्रे या पट्ट्यात आहेत. उपग्रहाच्या पेटीलाही उड्डाणापूर्वी हादऱ्याच्या आणि तापमानाच्या परीक्षांतून जावे लागते. एआरएआयसारखी संस्था १९६६पासून पुण्यात आहे, तिचा पसारा चाकणपर्यंत आहे. चिंचवडचे ऑटो क्लस्टर तर सार्वजनिक पैशाच्या आधारानेच उभे राहिले. लहान उद्योगांना एकेकट्याने न परवडणारी यंत्रे सर्वांना मिळून वापरता यावीत हाच त्यामागचा विचार. तेच तत्त्व पुढे नेऊन वर्षातले काही तास विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी राखून ठेवले तर कोणाचे काय बिघडेल? उपग्रहाला लागणारी निर्वात कक्षातली कसोटी अर्थात इथे सहजी व्हायची नाही. त्यासाठी इस्रोच्याच दारात जावे लागेल. पण निदान तिथवर जाणारी पेटी हादऱ्यात उत्तीर्ण झालेली असेल. इस्रोने विद्यापीठांचे असे उपग्रह विनामूल्य सोडले आहेत. सर्वांत अवघड आणि महाग गोष्ट जिथे फुकट मिळते, तिथे मुलांचे काम अडते ते मिलिंगच्या तासांवर, सर्किट बोर्डावर आणि बाहेरून मागवलेल्या सुट्या भागाच्या सीमाशुल्कावर. याची या उद्योगनगरीला थोडी तरी लाज वाटावी.

आणि या पट्ट्याला आपली परंपरा ठाऊक नाही याचीही. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या वाहतुकीला रोज शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांना तळेगावचा पैसा फंड काच कारखाना ठाऊक असेल? अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अगदी साधी होती : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा. टिळक तिच्या पाठीशी उभे राहिले. १९०८ साली तळेगावला काचेची भट्टी पेटली. जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. हा कारखाना मालाइतकाच माणसे तयार करण्यासाठी होता. तिथे शिकलेले लोक पुढे इतरत्र काचधंद्यात गेले. काच त्या काळी आपल्याला न जमणारी, परदेशातून येणारी वस्तू होती, जशी काल-परवापर्यंत उपग्रहाची पेटी होती. पैसा देणाऱ्याचे नाव बाटलीच्या बुडावर छापले जात नसे. आणि एका पैशाने कोणी मालक होत नसल्यामुळे भट्टी बिघडली, माल तडकला, तरी कोणी एक मोठा दाता रुसून निघून जाण्याची भीती नव्हती.

तडकण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या छोट्या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण फसले. त्यावर देशभरातल्या साडेसातशे शाळकरी मुलींचा हात लागलेला ‘आझादीसॅट’ होता, तोही गेला. मुलींची काही चूक नव्हती. १० फेब्रुवारी २०२३ला दुसरा आझादीसॅट व्यवस्थित कक्षेत गेला. ऑगस्ट ते फेब्रुवारी हे सहा महिने कोणत्या पुरस्कर्त्याच्या लोगोने तरून नेले असते? जाहिरात अपयशाशी नाते ठेवत नाही. म्हणूनच हल्ली न फसणाऱ्या गोष्टींना पैसा लवकर मिळतो. शाळेतल्या मुलांनी तयार संच जोडायचा, तो हीलियमच्या फुग्याला बांधून सोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी ‘अवकाशात झेप’ असा मथळा. असा फुगा तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत जातो. अवकाशाची रूढ सीमा आहे शंभर किलोमीटरवर. फुगा सोडू नये असे मी म्हणत नाही, मुलांना त्यातून आनंद होतो आणि थोडे शिक्षणही. पण त्याला अवकाश म्हणू नये, आणि खऱ्या पेटीच्या वाट्याचा पैसा त्यावर उडवू नये.

तसेच परदेशी स्पर्धांचे. युटाच्या वाळवंटात दरवर्षी रोव्हरची स्पर्धा भरते. तिथे जाणे हे आपल्या चमूंचे मोठे स्वप्न असते. जमवलेल्या पैशाचा लचका विमानाची तिकिटे, व्हिसा आणि रोव्हरच्या पेट्यांचे भाडे तोडतात. जाऊन आलेला माझा एक माजी विद्यार्थी याबाबत माझ्याशी कडाडून भांडतो. म्हणतो, तिथे गेल्याशिवाय आपण किती मागे आहोत ते कळत नाही. त्याचे म्हणणे मी खोडून काढू शकलेले नाही. तरीही माझे मत असे की सामाईक पैशाचा पहिला हक्क इथे उरणाऱ्या वस्तूंचा : मोजमापाची साधने, सोल्डरिंगचे बाक, रेडिओ संदेश ऐकणारे भूकेंद्र. चमू जातील, ती राहतील. पुण्याच्याच एमआयटी विश्वशांती विद्यापीठाचे उपकरण ३० डिसेंबर २०२४ला पीएसएलव्ही-सी६०च्या चौथ्या टप्प्यावर बसून गेले; त्या फलाटावर एकूण चोवीस उपकरणे होती, त्यांत दहा इस्रोबाहेरची. म्हणजे आमच्या मुलांचे स्वप्न हवेतले नाही. मुळा ओलांडली की पलीकडे ते घडलेले आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांच्या अवकाश-प्रकल्पांसाठी एक सामाईक फंड असावा, कोणा एका महाविद्यालयाचा नव्हे. वर्षाला शंभर रुपये, कामगाराकडूनही आणि कारखान्याच्या मालकाकडूनही; ज्याला अधिक द्यायचे त्याने यंत्राचे तास द्यावेत. लोगो नाही. मुद्दल शक्यतो मोडायचे नाही. दरवर्षी प्रत्येक चमूने देणाऱ्यांसमोर मराठीत उभे राहून काय केले आणि काय फसले ते सांगावे, फसलेले आधी. पैसे खाल्ले जातील, अशी शंका लगेच येईल, आणि आपला अनुभव पाहता ती रास्त आहे. म्हणून ज्या नियमाखाली नोंदणी नसलेल्या गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते, तोच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील ४१ क चा रस्ता आपणही धरावा. पावती, हिशेब, तपासणी सगळे उघड. मंडळांना हसणे सोपे आहे, पण दारोदार जाऊन दहा दिवसांत पैसा उभा करणे आणि त्याची पावती देणे त्यांना येते. आपल्याला, पदव्या घेऊन बसलेल्यांना, येत नाही. ज्या मंडळाचे सोनेरी यान मी पाहिले त्याच्या कार्यकर्त्यांशी यंदा बोलणे झाले. त्यांतले दोघे चाकणला असेंब्ली लाइनवर आहेत. देखाव्यातली कप्पी त्यांनीच बसवली होती. पेटीचे ड्रॉइंग त्यांना पाहायचे आहे.

माझ्याकडे आलेली ती चार मुले आता पदवीधर झाली. पेटी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे आहे, कोपऱ्याला रेडियस दिलेली. परवानगीच्या अर्जाचा मसुदा करायचे काम माझ्याकडे आले आहे. बैठक गुरुवारी, भोसरीत.